पट्टी, बटण आणि मधले मिलिसेकंद

म्हापसा आणि भोवतालच्या पेडणे, डिचोली तालुक्यांतल्या घरांत वाद्य आणि पडदा यांची ओढाताण काही वर्षं चालू आहे. नवं आहे ते इतकंच, की हल्ली दोन्ही बाजूंनी एकच युक्तिवाद ऐकू येतो. पियानोच्या वर्गाला मुलगी पाठवणारे आईवडील म्हणतात, बोटांना वेळेची शिस्त लागते. मोबाइलवर किंवा संगणकावर स्पर्धात्मक खेळ खेळणारा मुलगाही तेच म्हणतो: हेही बोटांचं आणि वेळेचंच काम आहे, मग यालाच व्यसन का म्हणायचं? त्याच्या म्हणण्याला आता सरकारी आधारही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हाही ई-स्पोर्ट्स वेगळे काढून त्यांना प्रोत्साहनाच्या बाजूला ठेवलं.

पियानोची बाजू गोव्यात जुनी आहे. चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या सोल्फेजो, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकवला गेला. १९५२ मध्ये आंतोनियु द फिगैरेदु यांनी पणजीत संगीताची अकादमी काढली, आणि पुढे कला अकादमीनं पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण चालवलं. लंडनच्या परीक्षामंडळांच्या श्रेणी इथल्या मुलांना पाठ असतात. तेव्हा हा प्रश्न गोव्यात नुसता कल्पनेचा राहत नाही. पियानोवादक आणि स्पर्धात्मक खेळाडू यांची वेळेवरची पकड ही एकच क्षमता आहे, की वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी? संशोधकांनी याची वेगवेगळी टोकं धरली आहेत. ती एकत्र ठेवून पाहायची, हा या लेखाचा हेतू.

वेळ मोजायला लागल्यापासून

संगीतात वेळ यंत्रानं मोजायची सोय १८१५ च्या सुमारास आली. योहान मेल्झेल यांनी मेट्रोनोमचं पेटंट घेतलं आणि दोन वर्षांत बेथोव्हेन आपल्या रचनांवर आकडे घालू लागले. त्यांच्या ‘हामरक्लाव्हियर’ सोनाटाच्या पहिल्या भागावरचा १३८ हा आकडा खरा मानायचा की यंत्रातला दोष, यावर वादक अजून भांडतात. म्हणजे मोजणी आली तेव्हाच मोजणीवरचा अविश्वासही आला.

शास्त्रीय मोजमाप विसाव्या शतकातलं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांच्या प्रयोगशाळेनं पियानोच्या हातोड्यांच्या हालचालीचं चित्रण करून दाखवलं, की नामवंत वादक स्वरलिपीतल्या वेळा कधीच जशाच्या तशा वाजवत नाहीत. १९५१ मध्ये कार्ल लॅशली यांनी पियानोवादकाच्या बोटांचाच दाखला देऊन एक मोठा मुद्दा मांडला. वेगवान तानेत एक बोट पडल्याची जाणीव मेंदूपर्यंत जाऊन पुढच्या बोटाला हुकूम सुटेल, इतका वेळच नसतो. अर्थात पूर्ण ओळ आधीच रचलेली असली पाहिजे. पुढची सगळी चर्चा या निरीक्षणावर उभी आहे.

खेळांत वेळेचं एकक आहे फ्रेम. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, तेव्हा एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची होते. ‘स्ट्रीट फायटर’सारख्या लढतीच्या खेळांत काही जोडफटके असे आहेत, की बटण नेमक्या त्या एका फ्रेममध्येच दाबावं लागतं. १९९७ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीनं ‘बीटमेनिया’ आणला आणि खेळानं थेट ताल धरला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत सर्वोच्च गुण मिळवायचे तर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या फ्रेमपेक्षा जास्त सरकता येत नाही.

पहिली बाजू: काम एकच आहे

साम्य मांडणारे आधी वेगाकडे बोट दाखवतात. शोपँच्या पहिल्या एत्यूदवर १७६ चा आकडा आहे आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर आहेत. गुणाकार केला तर मिनिटाला ७०४ स्वर होतात. ‘स्टारक्राफ्ट’चे व्यावसायिक खेळाडू मिनिटाला तीनशे आणि त्याहून जास्त क्रिया करतात. पण मला वेगाचा हा मुद्दा कच्चा वाटतो. खेळातल्या त्या आकड्यात हात गरम ठेवण्यासाठी केलेल्या निरर्थक क्रियाही मोजल्या जातात, आणि वेग म्हणजे अचूकता नव्हे. या बाजूचा खरा भक्कम मुद्दा वेगळा आहे: दोघंही प्रतिक्रिया देत नाहीत, दोघंही आधी ओळखतात.

डोळ्यांनी काही दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. कानाला त्याहून थोडे कमी. सोळा मिलिसेकंदांच्या फटीत ‘बघून’ दाबणं कोणाच्याच हाती नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात लढतीच्या खेळांच्या इव्होल्यूशन स्पर्धेत दाइगो उमेहारा यांनी जस्टिन वाँग यांच्याविरुद्ध जे केलं ते अजून दाखवलं जातं. जवळजवळ संपलेला जीव उरलेला असताना त्यांनी समोरून आलेल्या पंधरा लाथा एकामागून एक अडवल्या. पहिली लाथ तर बघून अडवता येण्यासारखी नव्हतीच. ती येणार हे त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या अधीरतेवरून ताडलं होतं. नंतरच्या लाथांची लय त्यांना पाठ होती, एखादी तान पाठ असावी तशी. लॅशली जे पियानोबद्दल म्हणत होते ते इथं शब्दशः लागू पडतं.

प्रयोगशाळेतलं एक जुनं निरीक्षणही याच बाजूचं आहे. मेट्रोनोमच्या टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसं टिकटिकीच्या काही मिलिसेकंद आधीच बोट टेकवतात आणि आपण बरोबर आहोत असं त्यांना वाटतं. तालीम झालेल्या वादकांत ही आगाऊ सूट लहान होते, पण पूर्ण जात नाही. ठोका गाठायचा तर त्याच्या आधी निघावं लागतं.

दुसरी बाजू: वाद्याची जात वेगळी

वेगळेपणा मांडणारे पट्टीपासून सुरुवात करतात, आणि या वादातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

पियानोची पट्टी दाबल्यापासून हातोडी तारेवर पडेपर्यंत वेळ जातो, आणि तो ठरलेला नसतो. जोरात वाजवलं तर वीस-पंचवीस मिलिसेकंद. अगदी हळुवार वाजवलं तर दीडशेहून जास्त. म्हणजे एकाच वेळी उजव्या हातानं ठसठशीत आणि डाव्या हातानं मंद स्वर काढायचा असेल, तर डावा हात आधी निघाला पाहिजे. चांगल्या वादकाची बोटं हा हिशोब त्याच्या नकळत करत असतात. खेळातल्या बटणाला असा स्पर्शाचा प्रश्न नाही. ते दाबलं किंवा न दाबलं, एवढंच. दर सेकंदाला हजार वेळा तपासला जाणारा कळफलक एका मिलिसेकंदात खबर देतो आणि ती हळू दिली की जोरात, हे विचारत नाही.

यावरूनच पियानोच्या जगात एक वाद झाला. वादक मुख्य सूर साथीच्या स्वरांपेक्षा साधारण तीस मिलिसेकंद आधी वाजवतात, असं मोजमापात दिसत होतं. कॅरोलाइन पामर यांनी याला अभिव्यक्तीचं साधन मानलं: सूर ठळक व्हावा म्हणून वादक त्याला पुढे काढतो. ब्रूनो रेप यांनी शंका घेतली. २००१ मध्ये वेर्नर ग्योब्ल यांनी दाखवलं, की बोटं पट्टीवर जवळजवळ एकदमच पडतात. सूर जोरात दाबला जातो म्हणून त्याची हातोडी आधी पोचते. बराचसा फरक यंत्रानंच घडवलेला आहे. माझ्या मते कौल ग्योब्ल यांच्या बाजूनं झुकतो, पण त्यामुळे पामर यांचा प्रश्न संपत नाही. ऐकणाऱ्याला तो सूर पुढे आलेला ऐकू येतोच, आणि कोणता स्वर जोरात दाबायचा हे तर वादकच ठरवतो.

उशिराचा हिशोब खेळाडूलाही चुकलेला नाही. त्याचा उशीर वेगळ्या ठिकाणी असतो. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या २००१ च्या खेळाचे भक्त अजूनही जुने, जड, फुगीर काचेचे टीव्ही स्पर्धेला वाहून नेतात, कारण सपाट पडदा चित्र दाखवायला वेळ लावतो. मोबाइलवर खेळणाऱ्या म्हापशाच्या मुलाला पिंगचा, म्हणजे नेटवर्कमधल्या उशिराचा, आकडा तोंडपाठ असतो. पावसाळ्यात नेटवर्क डळमळलं की तो नेम थोडा पुढे धरायला शिकतो. त्याच पावसाळ्यात जुन्या पियानोचं लाकूड आणि नमदा ओल पिऊन फुगतात, पट्ट्या जड होतात, आणि वादकही आपली बोटं नव्यानं जुळवून घेतो. मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वादक आणि नळ्या यांत सतरा मीटर अंतर असलं, तर पन्नास मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. ऑर्गनवादक कानावर विसंबला तर लय ओढली जाते. तो बोटांवर विसंबतो.

आणि इथंच दोन्ही विद्या खऱ्या अर्थानं फुटतात. २००४ मध्ये स्टॅनफर्डचे क्रिस चेफ आणि त्यांचे सहकारी यांनी दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून एकत्र टाळ्या वाजवायला लावल्या आणि मधला उशीर बदलत नेला. सुमारे साडेअकरा मिलिसेकंदांच्या उशिरात लय स्थिर राहिली. त्याहून कमी उशिरात टाळ्या किंचित पळू लागल्या, जास्त उशिरात मंदावत गेल्या. पंचवीस-तीसच्या पुढे एकत्र वादन फार अवघड होतं. टाळेबंदीत ऑनलाइन एकत्र वाजवू पाहणाऱ्या प्रत्येकानं हे सोसलं आहे. मग साठ मिलिसेकंदांच्या पिंगवर दोन शहरांतली मुलं लढतीचा खेळ कशी खेळतात? तिथं यंत्र फसवणूक करतं, तीही सोयीची. टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये आणलेल्या ‘रोलबॅक’ पद्धतीत संगणक समोरच्या खेळाडूची पुढची क्रिया गृहीत धरून चित्र दाखवतो. अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन खरा प्रसंग पुन्हा मांडतो. डोळा ही छोटी उडी खपवून घेतो. एकदा ऐकलेला स्वर मात्र परत घेता येत नाही. खेळातला काळ गरज पडली तर मागे वळतो, संगीतातला वळत नाही.

घड्याळ कोणाचं?

तिसरी बाजू संगीतकारांची आहे, आणि ती प्रयोगशाळेत कमी, वर्गात जास्त ऐकू येते. खेळातला क्षण बाहेरून येतो. खेळाची प्रणाली तो ठरवते आणि खेळाडू तो गाठतो. पियानोवादक एकटा वाजवताना घड्याळ स्वतः चालवतो, वाकवतो, आणि वाकवूनही मोडू देत नाही. शोपँच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलंय, की ते डाव्या हाताला चाल सांभाळायला सांगत आणि उजव्याला मोकळं सोडत. अशा वादनात ‘चूक किती मिलिसेकंदांची’ हे विचारायचं कशाच्या तुलनेत?

तरीही कान ढिला नसतो. अँडर्स फ्रिबर्ग आणि योहान सुंडबर्ग यांच्या १९९५ च्या प्रयोगात, पाव सेकंदाहून कमी अंतरानं पडणाऱ्या समान स्वरांत एखादा सहा मिलिसेकंदांच्या आसपास सरकला तरी ऐकणाऱ्यांना तो जाणवला. सहा मिलिसेकंद म्हणजे अर्ध्या फ्रेमहूनही कमी. म्हणून ‘खेळ जास्त अचूक’ हे म्हणणं टिकत नाही. ‘पियानो जास्त अचूक’ हेही सरसकट टिकत नाही, कारण खेळात एका फ्रेमची चूक म्हणजे पूर्ण अपयश. त्याच चुकीला वादनात कधी दोष म्हणतात, कधी ढंग.

एक घड्याळ की अनेक?

मेंदूत वेळ राखणारी एकच यंत्रणा आहे का, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. १९७३ मध्ये ॲलन विंग आणि आल्फ्रेड क्रिस्टॉफर्सन यांनी एक साधा नमुना दिला: आतलं घड्याळ वेगळं आणि हाताची अंमलबजावणी वेगळी, दोघांच्या चुका वेगळ्या काढता येतात. पुढे स्टीव्हन कील आणि सहकाऱ्यांना आढळलं, की बोटानं स्थिर ठोके देणारी माणसं पायानंही स्थिर असतात आणि कानानं कालावधीतला फरकही चांगला ओळखतात. हे खरं असेल, तर पियानो आणि खेळ यांत देवाणघेवाण अपेक्षित आहे.

पण १९९९ मध्ये याच आशेला तडा गेला. हॉवर्ड झेलाझ्निक यांच्या गटानं लोकांना एकदा ठोके द्यायला आणि एकदा त्याच गतीनं सलग वर्तुळं काढायला सांगितलं. ठोक्यांत स्थिर असणारा वर्तुळांत स्थिर असेलच असं दिसलं नाही. तुटक क्रियांची वेळ आणि वाहत्या क्रियांची वेळ हात वेगवेगळ्या रीतीनं राखतो, असा अर्थ निघाला. बटण दाबणं पहिल्या प्रकारात बसतं. पियानोवर तुटक वाजवायचा स्टॅकॅटो पहिल्यात बसेल, पण लेगॅटोची सलग ओळ आणि माउसचा तरंगता नेम कुठं टाकायचा? दोन्ही गटांतले अभ्यासक इथं अडतात.

एकाचा दुसऱ्याला उपयोग

पालकांचा खरा प्रश्न हाच असतो, आणि उत्तर उत्साह कमी करणारं आहे. २००३ मध्ये शॉन ग्रीन आणि डाफ्ने बाव्हेलिए यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की वेगवान मारधाडीचे खेळ खेळणाऱ्यांचं दृश्य अवधान जास्त तीक्ष्ण असतं. २०११ मध्ये वॉल्टर बूट आणि सहकाऱ्यांनी अशा प्रयोगांच्या पद्धतीवरच आक्षेप घेतले: निष्णात खेळाडू म्हणून बोलावलेला माणूस आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे जाणून असतो. जोवान्नी साला आणि फेर्नां गोबे यांनी २०१८ मध्ये खेळांचे आणि २०२० मध्ये संगीत शिकवण्याचे सगळे प्रयोग एकत्र तपासले. दोन्हीकडे निष्कर्ष सारखा: सर्वसाधारण बुद्धीला मिळणारा फायदा नगण्य. संगीताच्या बाजूचे लोक पहिला निष्कर्ष आनंदानं सांगतात आणि दुसरा टाळतात. खेळाच्या बाजूचे उलट करतात.

जवळच्या कौशल्यांचं चित्र थोडं बरं आहे. २०१६ च्या एका अभ्यासात तालाचे व्हिडिओ खेळ मुरलेले लोक संगीत ऐकण्याच्या अनेक कसोट्यांत प्रशिक्षित वादकांच्या जवळ पोचले. पण आधीच चांगला कान असलेली माणसं असे खेळ निवडतात, की खेळानं कान तयार होतो, हे अशा तुलनेतून कळत नाही.

वय, सराव आणि दुखरा हात

२०१४ मध्ये कॅनडातल्या एका गटानं ‘स्टारक्राफ्ट २’ च्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. वयं १६ ते ४४. नवं दृश्य समोर आल्यापासून पहिली क्रिया होईपर्यंतचा वेळ चोविसाव्या वर्षापासून वाढू लागतो, असं त्यांना दिसलं. चीनचे प्रसिद्ध खेळाडू ‘उझी’ २०२० मध्ये प्रकृतीच्या कारणानं निवृत्त झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. उलट आर्थर रुबिनस्टाइन यांनी शेवटची मैफल १९७६ मध्ये, नव्वदीला टेकले असताना केली.

ही तुलना नेहमी दिली जाते, आणि मला ती अर्धीच न्याय्य वाटते. राल्फ क्राम्पे आणि अँडर्स एरिक्सन यांनी १९९६ मध्ये वयस्क पियानोवादक तपासले. साध्या प्रतिक्रियेत तेही इतरांसारखेच मंदावले होते. ज्यांनी रोजचा सराव सोडला नव्हता, त्यांची वादनाशी निगडित बोटं तेवढी टिकून होती. ‘स्टारक्राफ्ट’च्या अभ्यासातही मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या, कमी ओझ्याच्या रीती वापरून उशीर भरून काढताना दिसले. वादकाला आपला कार्यक्रम निवडता येतो, पुढचा स्वर माहीत असतो. खेळाडूसमोर वीस वर्षांचा प्रतिस्पर्धी असतो आणि तो पुढचं सांगत नाही.

सरावाचं महत्त्वही आता मोजून मापून सांगितलं जातं. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात माणसामाणसांतल्या प्रावीण्याच्या फरकापैकी हेतुपूर्वक सरावानं बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के उलगडले. उरलेल्याचं श्रेय कशाला द्यायचं, यावर मतभेद आहेत. इजेबाबत मात्र नाहीत. लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात निकामी झाला आणि त्यांना कित्येक वर्षं फक्त डाव्या हातासाठीच्या रचना वाजवाव्या लागल्या. खेळाडूंची मनगटं आज त्याच वाटेनं जाताहेत, आणि दोन्हीकडचे शिक्षक अजून दुखणं लपवणाऱ्याला जिद्दी म्हणतात. ही गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

गोव्याच्या बाजूनं

वरची बहुतेक मोजमापं मेट्रोनोम आणि स्वरलिपी असलेल्या संगीतावर बेतलेली आहेत. मार्टिन क्लेटन यांनी २००० मध्ये हिंदुस्थानी संगीतातल्या कालाविषयी पुस्तक लिहून वेगळी वाट काढली, पण पियानो आणि खेळांच्या तुलनेत ताल क्वचितच येतो. गोव्याला हे खटकावं, कारण खाप्रुमामा पर्वतकर इथले. हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरण्याच्या त्यांच्या सिद्धीविषयी जाणकारांनी आदरानं सांगून ठेवलं आहे, आणि लयभास्कर ही ओळख त्यांना त्यातूनच मिळाली. घड्याळ एक की अनेक, हा झेलाझ्निक यांचा प्रश्न अशा माणसापुढे मांडला असता तर काय निघालं असतं, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

घुमटाचंही तसंच. २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य ठरलेलं हे मातीचं भांडं चवथीच्या आरतीत शामेळ आणि कांसाळ्यासोबत वाजतं. मंडळी एकमेकांपासून तीन-चार मीटरांच्या आत उभी राहतात. चेफ यांचे साडेअकरा मिलिसेकंद ध्वनीच्या अंतरात मोजले, तर जवळपास तेवढेच चार मीटर येतात. ही जुळणी योगायोग असू शकते. पण पेडण्या-डिचोलीतली कित्येक मुलं चवथीत घुमट वाजवतात आणि वर्षभर मोबाइलवर खेळतात, काही पियानोच्या परीक्षाही देतात. एकाच मुलाच्या हातात तिन्ही घड्याळं आहेत. घुमटाच्या ठोक्यांतला आणि बटणाच्या ठोक्यांतला त्याचा चढउतार शेजारी शेजारी ठेवून बघितला, तर कील आणि झेलाझ्निक यांच्यातला वाद थोडा तरी पुढे सरकेल. त्याला महागडी साधनं लागत नाहीत. ध्वनिमुद्रण करणारा एक संगणक आणि वेळ राखून बसणारा एखादा अभ्यासक पुरे.